बहात्तर तासांची मुदत

शेतसारा मुदतीच्या पहिल्या दिवशी भरला काय आणि अखेरच्या दिवशी भरला काय, दप्तरी नोंद सारखीच होते. आणि तातडीच्या गर्भनिरोधक गोळीच्या वेष्टनावर छापलेले ७२ तास आपल्याकडील चांगली शिकलीसवरलेली जोडपीदेखील याच हिशेबाने वाचतात, ही या विषयातील सर्वांत महागात पडणारी गैरसमजूत होय.

स्त्रीच्या बीजकोशातून दर मासिक चक्रात साधारणतः एकच बीजांड बाहेर पडते आणि ते फार तर एक दिवस फलनक्षम राहते. शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या जननमार्गात पाच दिवसांपर्यंत तग धरून बीजांडाची प्रतीक्षा करू शकतात, आणि गोळीला जो काही अवसर लाभतो तो या प्रतीक्षेच्या काळातच. पीयूषिका ग्रंथीतून ल्युटिनायझिंग हार्मोन या संप्रेरकाची लाट उसळली, की पुढे सुमारे दीड दिवसात बीजांड सुटते. ही लाट उसळण्यापूर्वी लेव्होनॉरजेस्ट्रेलची दीड मिलिग्रॅमची मात्रा पोटात गेली, तर बीजांडाचे सुटणे तहकूब होते आणि तोवर शुक्रजंतूंचे आयुष्य सरते. लाट एकदा उसळू लागली, की तीच गोळी जवळजवळ निष्प्रभ ठरते. म्हणजे घड्याळ दोन ठिकाणी, वेष्टनावर आणि शरीरात, चालू असते, आणि त्यांपैकी शरीरातले घड्याळ कोणालाच नीट दिसत नसल्यामुळे, मिळेल तितक्या लवकर गोळी घेणे एवढाच शहाणपणाचा मार्ग उरतो. २००९ साली युरोपात मान्यता पावलेले युलिप्रिस्टल हे औषध लाट उसळू लागल्यानंतरही, ती शिगेला पोहोचेपर्यंत, काम करू शकते, आणि म्हणूनच त्याची मुदत १२० तासांची मानली जाते.

रुजलेला गर्भ यांपैकी कोणतीही गोळी पाडीत नाही. गर्भपाताची औषधे, म्हणजे मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल, सर्वस्वी निराळी असून ती १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्याच्या चौकटीत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात; परंतु लोकांच्या बोलण्यात दोहोंची सरमिसळ इतकी पक्की झाली आहे, की निरुपद्रवी गोळी मागणारीलाही उगीचच मान खाली घालून उभे राहावे लागते.

कॅनडातील डॉक्टर अल्बर्ट यूझ्पे यांनी १९७४ साली मांडलेल्या तातडीच्या गर्भनिरोधनाच्या पद्धतीत दोन संप्रेरकांच्या संयुक्त मात्रा बारा तासांच्या अंतराने घ्याव्या लागत आणि मळमळ व वांत्या यांनी स्त्रिया बेजार होत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या तौलनिक अभ्यासात केवळ लेव्होनॉरजेस्ट्रेल देणे अधिक गुणकारी व अधिक सुसह्य ठरले: एरवी अपेक्षित असलेल्या गर्भधारणांपैकी पहिल्या चोवीस तासांत घेतलेल्या औषधाने ९५ टक्के टळल्या, दुसऱ्या दिवशी ८५ आणि तिसऱ्या दिवशी ५८. पुढील विश्लेषणांत हा उतार इतका तीव्र आढळला नाही, हे खरे. परंतु त्यावरून कोणी दिरंगाईची मुभा काढू नये.

आणि तरीही या साऱ्यांत सर्वांत खात्रीचा उपाय म्हणून जिचे नाव घ्यावे, ती तांबी या संदर्भात क्वचितच कोणाला आठवते. दोन मुलांतील अंतरासाठी वापरण्याची वस्तू, एवढीच तिची आपल्याकडे ओळख. वस्तुतः संबंधानंतर पाच दिवसांच्या आत ती बसविली, तर तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात, गर्भ रुजण्यासही प्रतिबंध होतो, अपयशाचे प्रमाण एक टक्क्याहून कमी राहते, आणि पुढील कित्येक वर्षांची तजवीज परस्पर होऊन जाते.

र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी गमवावी लागली. त्याच शहरात, किंबहुना साऱ्या देशात, २००५ पासून लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळू लागली. चिठ्ठी गेली, तशी दोन शब्द समजावून सांगणारी व्यक्तीही गेली, म्हणून काही गोष्टी येथे नमूद करणे प्राप्त आहे. क्षयावरील रिफॅम्पिसिन किंवा फेफऱ्यावरील काही औषधे चालू असतील, तर गोळीचा अंमल उणावतो. वजन बरेच अधिक असल्यासही तीच शंका असते, आणि अशा वेळी तांबीविषयी डॉक्टरांशी बोलावे. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत वांती झाली, तर मात्रा पुन्हा घ्यावी. तहकूब झालेले बीजांड त्याच चक्रात पुढे केव्हाही सुटू शकते, त्यामुळे गोळीनंतरच्या संबंधांना तिचे संरक्षण नसते. तेथे निरोध हवाच, आणि गुप्तरोगांपासून बचावासाठीही तोच. पाळी चार दिवस मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. आठवड्याहून अधिक लांबली, किंवा गोळीला तीन आठवडे होऊनही आली नाही, तर मूत्रतपासणी करून घ्यावी.