सरड्याची धाव कुंपणापलीकडे

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण आपल्या घरांतून वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून ऐकू येते. परंतु कुंपणच काय, महासागर ओलांडून गेलेला एक सरडा आहे. त्याची ओळख आज आम्ही वाचकांना करून देणार आहोत. आपण बेटावर राहणारी माणसे असल्यामुळे त्याची हकीकत आपल्याही कामाची आहे.

सौदी अरेबियात जेद्दाच्या उत्तरेस सुमारे १५० किलोमीटरवर, तांबड्या समुद्राच्या काठी राबिघ हे बंदर आहे. तेथे तेलशुद्धीकरणाचा मोठा कारखाना आहे. भोवतालचा मुलूख रखरखीत, पाऊस नावापुरता. किनाऱ्याला समांतर जाणारी डोंगररांग मात्र दक्षिणेकडे उंच होत जाते. असीर प्रांतात आणि पुढे येमेनमध्ये तिच्यावर पाऊस पडतो, दऱ्याखोऱ्यांत झाडी दिसू लागते. राबिघच्या पुष्कळ दक्षिणेस असलेली ही झाडी हेच आमच्या पाहुण्याचे माहेरघर. अरबी भाषेत अशा सरड्याला ‘हिरबा’ म्हणतात.

येथे नावाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. मॉरिशसमध्ये बागेत, कुंपणावर मान हलवीत बसणाऱ्या ज्या प्राण्याला लोक ‘कामेलेओं’ म्हणतात, तो खरा कामेलेओं नव्हेच. तो भारतातला साधा बागेतला सरडा. सुमारे १९०० च्या आसपास तो या बेटावर येऊन पोहोचला. खऱ्या कामेलेओंला कोकणात घोयरा म्हणतात. त्याचे डोळे एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरतात, पायांची बोटे चिमट्यासारखी जुळलेली असतात आणि शेपूट फांदीला वेटोळे घालते. शेजारच्या रेयुनियाँ बेटावर मादागास्करहून आलेला असा खरा घोयरा आहे. त्याच्या संथ चालीमुळे तेथील लोक त्याला ‘आंदोर्मी’, म्हणजे झोपाळू, म्हणतात.

अरबस्तानचा हा घोयरा आपल्या जातीत मोठाच म्हणावा लागेल. नर शेपटीसह ६० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन फूट भरतो. मादी त्याच्या निम्म्याएवढी. डोक्यावर उंच टोपासारखा तुरा असतो, तो नरात विशेष मोठा. या टोपावरूनच १८५१ साली शास्त्रज्ञांनी त्याचे नाव ‘कॅलिप्ट्रेटस’, म्हणजे डोके झाकलेला, असे ठेवले. नर ओळखण्याची आणखी एक खूण म्हणजे मागच्या पायाच्या टाचेवरचा लहानसा काटा. तो अंड्यातून बाहेर पडतानाच असतो.

त्याची जीभ अंगाच्या लांबीच्या सुमारे दीडपट असते. ती तीरासारखी सुटते आणि किडा चिकटवून परत येते. नवलाची गोष्ट म्हणजे हा प्राणी किड्यांबरोबर झाडाची पानेही खातो. घोयऱ्यांच्या कुळात ही सवय फार थोड्यांना आहे.

रंगाचे काय? सरड्यासारखा रंग बदलणारा म्हणून आपण पुढाऱ्यांना नावे ठेवतो. पण बिचारा घोयरा काही कोणाला फसविण्यासाठी दर घटकेला रंग पालटत नाही. सकाळी अंग गार असले की तो काळपट होतो, म्हणजे ऊन अधिक शोषले जाते. दोन नर समोरासमोर आले की त्यांचे पट्टे उजळतात. मादीच्या पोटात अंडी असली की ती गडद होऊन तिच्यावर पिवळे-निळे ठिपके उमटतात आणि नराने जवळ येऊ नये हे तिला न बोलता सांगता येते. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी मादागास्करच्या घोयऱ्यावर काम करून दाखविले की त्याच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांमधील अंतर कमीजास्त झाले की परावर्तित होणारा प्रकाश बदलतो, आणि रंगही.

मादी ओलसर जमिनीत बीळ खणून एका वेळी तीस-चाळीस, कधी त्याहूनही अधिक अंडी घालते व माती लोटून निघून जाते. पिल्ले बाहेर पडायला सहा ते नऊ महिने लागतात. आईची वाट न पाहता ती पहिल्या दिवसापासून स्वतःचे पोट भरतात.

आता खरी गोष्ट. देखणा व काटक असल्यामुळे हा प्राणी परदेशांत हौसेने पाळला जाऊ लागला. काही सुटले, काहींना मालकांनीच सोडून दिले. २००२ साली हवाई बेटांपैकी माउईवर आणि अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात तो मोकळा फिरताना व वाढताना आढळला. उन्हातान्हात टिकणारा, पानेही खाणारा आणि ढीगभर अंडी घालणारा प्राणी नव्या जागी रुजला की त्याला हटविणे महाकठीण. हवाईमध्ये तो बाळगण्यास बंदी आहे.

आपल्याकडेही असा अनुभव आला आहे. मादागास्करची मोठी हिरवी पाल हौशी लोकांमार्फत मॉरिशसमध्ये आली आणि मोकळी झाली. जेथे तिने बस्तान बसविले, तेथे आपल्या मूळच्या लहान हिरव्या पाली कमी झालेल्या आढळतात. या पाली मूळच्या जगात दुसऱ्या कोठल्याही नाहीत. त्या गेल्या तर आणायच्या कोठून?

म्हणून आमचे सांगणे दुहेरी आहे. घोयरा विषारी आहे, अशुभ आहे, असे समजून गावाकडे कित्येकदा त्याला दगड मारतात. तो विषारी नाही. कोकणात सुटीला गेलात आणि तो फांदीवर दिसला, तर मुलांना जवळून पाहू द्या आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षणही आहे. मात्र कितीही आवडला तरी कोणताही परका प्राणी पेटीत घालून या बेटावर आणू नका, आणि आणलेला कोणी बागेत सोडीत असेल तर त्याला अडवा. सरड्याची धाव कुंपणापर्यंतच राहावी, हे आता आपल्याच हाती आहे.