मैदानाबाहेरची गाडी कोणाची?

वाचकहो, घरात बसून क्रिकेटचा सामना पाहताना आपले लक्ष चेंडूवर असते, आणि ते तसेच असायला हवे. पण त्याच वेळी मैदानाच्या भिंतीपलीकडे एक लांबलचक बंद गाडी उभी असते. आत अंधार असतो. पडद्यांची एक भिंतच्या भिंत, आणि तिच्यासमोर दाटीवाटीने बसलेली माणसे. त्यांतला एक जण "दोन नंबर तयार... घ्या दोन" असे म्हणतो, आणि त्याच क्षणी आपल्या घरातले चित्र बदलते. हिलाच ओ. बी. व्हॅन म्हणतात. स्टुडिओबाहेर जाऊन केलेले हे बाह्यप्रक्षेपण. आज ह्या गाडीतल्या यंत्रांविषयी थोडे आणि तिच्या मालकीविषयी अधिक, असे सांगायचे योजिले आहे. आपण म्हणाल, "चित्र स्वच्छ दिसलं म्हणजे झालं, गाडी कोणाची का असेना!" पण हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

आरंभ इंग्लंडपासून करू, कारण ह्या धंद्याची सगळी स्थित्यंतरे तिथे एका ओळीत पाहायला मिळतात. बीबीसीची नियमित टेलिव्हिजन सेवा नोव्हेंबर १९३६ मध्ये सुरू झाली आणि अवघ्या सहा महिन्यांत, १२ मे १९३७ रोजी, सहाव्या जॉर्ज राजाच्या राज्यारोहणाची मिरवणूक तिने दाखविली. हाइड पार्क कॉर्नरला तीन कॅमेरे होते आणि तिथून अलेक्झांड्रा पॅलेसच्या प्रक्षेपण केंद्रापर्यंत सुमारे आठ मैलांची खास केबल. त्याच उन्हाळ्यात विम्बल्डनचे टेनिसही दिसले. पुढे २ जून १९५३ ला एलिझाबेथ राणीचा राज्यारोहण समारंभ दोन कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. १ जुलै १९६७ ला ब्रिटनमध्ये रंगीत चित्रांचा प्रारंभ झाला, तोही विम्बल्डनच्या हिरवळीवरून. ह्या साऱ्या काळात गाडी बीबीसीची, कॅमेरे बीबीसीचे आणि माणसेही बीबीसीच्या पगारावरची. पुढे आलेल्या आयटीव्हीच्या कंपन्यांनीही आपापल्या गाड्या बाळगल्या होत्या.

आपल्याकडे खेडेगावात देवळाच्या नाहीतर पंचायतीच्या मालकीची मोठमोठी भांडी असत. लग्नकार्य निघाले की ती न्यायची, घासूनपुसून परत आणून ठेवायची. ती वर्षातले कितीतरी दिवस पडून राहत, पण त्याबद्दल कोणी कुरकुर करीत नसे. मग मांडववाला आणि आचारी आला. "भांडी माझी, माणसं माझी, तुम्ही फक्त आकडा सांगा," असे तो म्हणू लागला. सोय झाली, यात शंका नाही. पण गावची भांडी विकली गेली, आणि ती जपणारी माणसेही पांगली. बाह्यप्रक्षेपणाची कथा बरीचशी अशीच आहे.

ही गाडी म्हणजे पैशाचा एक अजस्र हौद. कॅमेरे, भिंगे, ध्वनियंत्रे, पुनर्दर्शनाची यंत्रे मिळून तिची किंमत कोट्यवधी रुपयांत जाते. काम असो वा नसो, कर्जाचे हप्ते चुकत नाहीत. शिवाय दर काही वर्षांनी तंत्र बदलते. कृष्णधवलचे रंगीत झाले, रंगीतचे 'एचडी' झाले, मग 'फोर के' आले. प्रत्येक वेळी कालची उत्तम गाडी आज जुनीपुराणी ठरते. कचेरीत बसून हिशेब पाहणाऱ्याला साहजिकच वाटते की, ही बला आपण कशाला पोसा? भाड्याने घ्यावी, काम संपले की सोडून द्यावी.

बीबीसीत हा विचार १९९३ मध्ये उघडपणे अमलात आला. कार्यक्रम करणाऱ्यांना मुभा मिळाली की घरचे साहित्य महाग वाटले तर बाहेरचे घ्या. तत्पूर्वी १९९२ पासून इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलचे हक्क उपग्रहवाहिनीकडे गेले होते. म्हणजे खेळ दाखविणारा एक आणि गाड्या बाळगणारा दुसरा, अशी फारकत सुरू झाली होती. १९९८ मध्ये बीबीसीने आपल्या साधनविभागाची स्वतंत्र कंपनी केली, आणि २००८ मध्ये त्यातला बाह्यप्रक्षेपणाचा भाग 'एसआयएस' नावाच्या कंपनीला विकला. ह्या कंपनीचा मूळ धंदा कोणता? तर घोड्यांच्या शर्यतींची चित्रे उपग्रहामार्फत पैजांच्या दुकानांना पुरविणे! सात दशकांची परंपरा अशा रीतीने हातची गेली. नव्या मालकालाही ती लाभली नाही. मोठी कंत्राटे प्रतिस्पर्ध्यांकडे गेली आणि मार्च २०१४ च्या सुमारास त्या कंपनीने बाह्यप्रक्षेपणाचा धंदा आवरता घेतला. सहा वर्षांत सारा खेळ आटोपला.

आता आपल्याकडे वळू. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला टेलिव्हिजनचा प्रयोग सुरू झाला, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला आले, आणि १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धांनी दूरदर्शनला रंग दिला. तोवर गाडी कोणाची हा प्रश्नच नव्हता, ती सरकारची. तो उभा राहिला १९९३ मध्ये. बंगालच्या क्रिकेट संघटनेने हीरो चषकाच्या सामन्यांच्या चित्रणाचे काम 'टीडब्ल्यूआय' ह्या परदेशी कंपनीला दिले, आणि परवान्यांवरून सरकारशी तंटा जुंपला. कलकत्त्याच्या उपान्त्य सामन्यात सचिन तेंडुलकरने अखेरच्या षटकात सहा धावा रोखून धरल्या, हे पुष्कळांना आठवत असेल. त्या स्पर्धेच्या पाठीमागे न्यायालयात दुसरा सामना चालू होता, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानात असेल. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा त्याचा सारांश. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपले मराठी न्यायाधीश होते. ह्या निर्णयाने खासगी कंत्राटदारांची वाट मोकळी झाली. मात्र त्याच निर्णयाने हेही बजावले की, ह्या मालमत्तेचा वापर लोकहितासाठी व्हावा आणि त्यावर सार्वजनिक यंत्रणेचे नियमन असावे. हा उत्तरार्ध आपण सोयीस्करपणे विसरतो.

विसरल्याचा अनुभव २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत आला. प्रक्षेपणाचे सुमारे २४६ कोटींचे कंत्राट प्रसार भारतीने वर उल्लेखिलेल्या 'एसआयएस'ला दिले. त्या कंपनीने काम पुढे एका भारतीय कंपनीकडे सोपविले. सरकारने नेमलेल्या शुंगलू समितीने ह्या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले. मुख्य ठेकेदार, त्याच्या हाताखाली पोटठेकेदार, त्याच्याही खाली रोजावरची माणसे, अशी उतरंड लागली की जबाबदारी नेमक्या कोणत्या मडक्यात आहे, ते सापडत नाही!

कर्जाचा हौद किती खोल असतो, हेही इंग्लंडने पाहिले. तिथला एक अग्रगण्य ठेकेदार 'अरीना टेलिव्हिजन' नोव्हेंबर २०२१ मध्ये एकाएकी बंद पडला. देणे निघाले सुमारे २८ कोटी पौंडांचे. जी यंत्रे तारण म्हणून दाखविली होती, त्यांतली बरीचशी प्रत्यक्षात सापडेनात. २०२२ मध्ये मोठ्या आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या सरकारी खात्याने चौकशी हाती घेतली. दोष कोणाचा हे ठरविणे न्यायालयाचे काम. आपल्यापुरता बोध एवढाच की, भाड्याने घेतल्यामुळे जोखीम नाहीशी होत नाही. ती फक्त आपल्या नजरेआड जाते.

आणि आता तर गाडीच मैदानावर नेऊ नये, असा विचार बळावतो आहे. कॅमेरे मैदानावर ठेवायचे, चित्रे जलद तारेवरून दूरच्या शहरात धाडायची, आणि निवड करणारा दिग्दर्शक, पुनर्दर्शनवाला, आकड्यांच्या पाट्या लावणारा हे सारे तिथल्या इमारतीत बसवायचे. ही रीत आधीपासून रुजत होती. २०२० च्या करोना साथीने तिला वेग आला. प्रवास वाचतो, खर्च वाचतो, एकच माणूस आज एक सामना आणि उद्या शेकडो मैलांवरचा दुसरा हाताळू शकतो. पण त्याच साथीने ह्या धंद्यातली खरी माणसेही उघडी पाडली. ब्रिटनमध्ये कॅमेरा धरणारे, केबल ओढणारे, आवाज जुळविणारे पुष्कळजण रोजावर काम करतात. सामने थांबताच रोज थांबला, आणि सरकारी मदतीच्या चौकटीत त्यांतले अनेकजण बसलेच नाहीत.

माझ्या मते धोक्याची जागा इथे आहे. यंत्र पुन्हा विकत घेता येते. हात पुन्हा घडविता येत नाही. बीबीसीच्या गाडीत नवखा पोरगा आधी केबल गुंडाळायला शिके, मग कॅमेरा धरी, मग एखाद्या दिवशी दिग्दर्शकाच्या खुर्चीपर्यंत पोचे. त्याच्या शिकण्याचा खर्च संस्था सोसत असे. ठेकेदाराला दोन कंत्राटांच्या मधल्या फटीत हे परवडायचे कसे?

म्हणून ठेकेदार नकोत, असे मुळीच नाही. त्यांच्यातल्या चढाओढीने चित्रणाचे कसब वाढले, हे मान्यच केले पाहिजे. मध्यममार्गही आहे. विम्बल्डनच्या क्लबने २०१८ पासून प्रक्षेपणाची सूत्रे स्वतःच्या हाती घेतली. साधने ठेकेदाराचीच, पण काय आणि कसे दाखवायचे ते ठरविणारा घरचा. भांडी भाड्याची असली तरी चूल आपली आणि चव पाहणाराही आपला, असा हा प्रकार. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संस्थांनी निदान एवढे तरी राखावे: निर्णय घेणारी माणसे आपली असावीत, दोनचार गाड्या आपल्या असाव्यात, आणि कंत्राटात नव्या मुलांना शिकविण्याची अट असावी. नाहीतर उद्या आपल्याच अंगणातले कार्य आपल्याला दाखवायचे की नाही आणि कसे दाखवायचे, हे मांडववाला ठरवील.