रोजच्या वापरासाठी दमदार पिकअप घ्यावा का? नाशिकमधल्या दोन वर्षांचा हिशेब

गेल्या महिन्यात ऑफिसमधल्या एका मित्राने विचारलं, "तुझ्यासारखा डबल कॅब पिकअप घेऊ का? रोज ऑफिसलाही येईल आणि शेतावरही जाईल." दोन वर्षांपूर्वी मी अगदी हाच विचार करून गाडी घेतली होती. त्याला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

माझं घर गंगापूर रोडला, नोकरी अंबड एमआयडीसीत आणि द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात. माझ्या गाडीची कंपनी मुद्दाम सांगत नाही, कारण खालच्या गोष्टी या प्रकारच्या जवळपास सगळ्याच गाड्यांना लागू होतात.

ताकद म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे या प्रकारातली दोन ठळक नावं म्हणजे इसुझू व्ही-क्रॉस आणि 2022 मध्ये आलेली टोयोटा हायलक्स. हायलक्समध्ये फॉर्च्युनरचंच 2.8 लिटर डिझेल इंजिन आहे. ते 204 पीएस पॉवर देतं आणि ऑटोमॅटिकमध्ये 500 न्यूटन मीटर टॉर्क. टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा जोर. तुलनेसाठी, नव्या स्विफ्टचा टॉर्क साधारण 112 आहे.

हा जोर कमी आरपीएमलाच मिळतो. त्यामुळे मागे माल भरून कसारा घाट चढताना सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. पण सिग्नल ते सिग्नल जाताना त्यातला फार थोडा भाग वापरला जातो. दोन टनांच्या आसपास वजनाची गाडी मात्र प्रत्येक सिग्नलला थांबवायची आणि पुन्हा हलवायची. मला शहरात 9 आणि हायवेला 12 चं ॲव्हरेज मिळतं. रोज जाऊन-येऊन 18 किलोमीटर, महिन्याचे 25 दिवस धरले तर 450 किलोमीटर, म्हणजे 50 लिटर डिझेल फक्त ऑफिससाठी.

रिकामी गाडी का आदळते?

या गाड्यांना मागे लीफ स्प्रिंग, म्हणजे पाटे असतात. ट्रकला असतात तसेच. वजन पेलता यावं म्हणून ते कडक ठेवलेले असतात. मागे द्राक्षांचे क्रेट भरले की गाडी छान बसते. हौदा रिकामा असला की प्रत्येक स्पीडब्रेकर कमरेला कळतो.

अण्णांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हे चांगलंच जाणवलं. त्यांना उंच पायरी चढवेना आणि धक्का सोसवेना. दारात एवढी महागडी गाडी उभी असताना त्यांना घरी आणायला शेजाऱ्यांची वॅगनआर मागून न्यावी लागली.

एक उपाय सोपा आहे. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचं टायर प्रेशर वेगवेगळं दिलेलं असेल, तर ते पाळा. मी वर्षभर भरलेल्या गाडीचंच प्रेशर ठेवून फिरत होतो.

फोर बाय फोर रोज वापरायचं का?

नाही. बहुतेक पिकअपमध्ये ही सोय 'पार्ट टाइम' असते. 4एच लावलं की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकत्र बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, मग सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. जुलैमध्ये बागेच्या काळ्या मातीत 4एल देवासारखं धावून येतं, पण कॉलेज रोडला त्याचा काही उपयोग नाही.

रोज गाडी फक्त मागच्या चाकांवर चालते आणि रिकाम्या हौद्यामुळे मागे वजन कमी असतं. पावसात वळणावर ॲक्सिलरेटर जपूनच दाबायचा.

पार्किंगचं गणित

सोसायटीतली मोठ्या गाडीची जागा साधारण 2.5 बाय 5 मीटर असते. व्ही-क्रॉसची लांबी 5,295 मिलिमीटर आहे आणि हायलक्सची 5,325. म्हणजे गाडी फूटभर बाहेर राहणारच. घेण्याआधी टेप घेऊन जागा मोजा. रविवार कारंजा, मेन रोड या भागात तर मी ती नेतच नाही.

मला महागात पडलेली गोष्ट: डीपीएफ

बीएस6 डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ नावाची जाळी असते. ती धुरातली काजळी अडवते. जाळी भरत आली की इंजिन जास्तीचं डिझेल वापरून तिचं तापमान 600 अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जाळून टाकतं. त्यासाठी 15-20 मिनिटं एकसारख्या वेगात गाडी चालावी लागते.

माझा ऑफिसचा रस्ता सिग्नलांनी भरलेला. जाळायला सुरुवात व्हायची आणि मी गाडी बंद करायचो. दिवा लागला, तर मी "बघू नंतर" म्हणून दोन आठवडे काढले. मग एके दिवशी गाडीने वेगच घेईना. इंजिन वाचावं म्हणून गाडी स्वतःच ताकद कमी करते, त्याला लिंप मोड म्हणतात. वर्कशॉपमध्ये मशीन लावून काजळी जाळली. अर्धवट राहिलेल्या प्रयत्नांतलं डिझेल ऑइलमध्ये मिसळलं होतं, म्हणून ऑइलही बदललं. चूक माझीच होती.

मग घ्यावा का?

मी गाडी विकली नाही, वापर बदलला. ऑफिसला आता स्कूटर. पिकअप आठवड्यातून दोनदा दिंडोरीला जातो, मोकळ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालतो, डीपीएफ साफ राहतो आणि हौदाही भरलेला असतो. माल मात्र स्वतःचाच, कारण खासगी नोंदणीच्या गाडीतून भाड्याने माल नेता येत नाही.

मित्राला शेवटी तीन प्रश्न विचारले. आठवड्यातून एकदा तरी हौदा भरतो का? एकदा तरी हायवेला लांब जाणं होतं का? घरात दुसरं वाहन आहे का? तिन्हीचं उत्तर 'हो' असेल तर खुशाल घ्या. त्याचं शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, आणि त्याच्या आईलाही गुडघेदुखी आहे. सध्या तो साधी हॅचबॅक बघतोय.