पेम्फिगस: फोड गेले म्हणजे आजार गेला का? डॉ. पसरिचांच्या ‘पल्स थेरपी’ची गोष्ट

तोंडात फोड येतात, फुटतात, पण जखम भरत नाही. ‘अंगात उष्णता वाढली असेल’ म्हणून आधी घरगुती उपाय होतात, मग दातांचा डॉक्टर. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी छाती, पाठ, डोक्याच्या त्वचेवर पाण्यासारखे फोड उठतात. पेम्फिगस व्हल्गॅरिस या आजाराची सुरुवात अनेकदा अशी होते.

स्टेरॉइड्स येण्याआधी या आजाराचे बहुतेक रुग्ण दगावत. भारतात या आजाराच्या उपचारांना वेगळी दिशा दिली ती दिल्लीच्या एम्समधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जे. एस. पसरिचा यांनी.

हा आजार नेमका काय आहे?

त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. हे काम डेस्मोग्लिन नावाची प्रथिनं करतात, भिंतीच्या विटांमधल्या सिमेंटसारखं. पेम्फिगसमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती या प्रथिनांना शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करते. पेशींची पकड सुटते, मधल्या जागेत पाणी साचतं आणि फोड येतो.

रुग्णांच्या रक्तात अशा अँटीबॉडी असतात, हे १९६४ मध्ये अमेरिकेत अर्नस्ट ब्यूटनर आणि रॉबर्ट जॉर्डन यांनी दाखवलं. म्हणजे हा संसर्ग नाही. रुग्णाला हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने तो पसरत नाही.

मग अडचण कुठे होती?

१९५० च्या दशकात स्टेरॉइड्स आली आणि जीव वाचू लागले. पण मोठा डोस रोज, महिनोन्‌महिने घ्यावा लागे. त्यातून मधुमेह, रक्तदाब, ठिसूळ हाडं आणि जंतुसंसर्ग मागे लागत. डोस कमी केला की फोड पुन्हा हजर.

पसरिचांनी काय वेगळं केलं?

किडनी प्रत्यारोपणानंतर शरीर नवी किडनी नाकारू लागलं, तर मोठ्या डोसचं स्टेरॉइड थोडेच दिवस शिरेतून देण्याची पद्धत आधीपासून होती. यालाच ‘पल्स’ म्हणतात. पसरिचांनी ती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आधी सांधे आणि त्वचेला त्रास देणाऱ्या रायटर्स आजारात वापरली आणि नंतर पेम्फिगसमध्ये. १९८४ मध्ये त्यांनी डॉ. रामजी गुप्ता यांच्यासह पेम्फिगसवरचा अनुभव प्रसिद्ध केला.

या पद्धतीत सलग तीन दिवस सलाईनमधून रोज १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिलं जातं. कोविडमध्ये याच औषधाचा रोजचा डोस ६ मिलिग्रॅम होता, यावरून अंदाज येईल. त्यातल्या एका दिवशी ५०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड दिलं जातं. हे चक्र दर २८ दिवसांनी पुन्हा होतं आणि मधल्या काळात सायक्लोफॉस्फामाइडची छोटी गोळी रोज चालू राहते.

पण खरी कल्पना डोसपेक्षा वेळापत्रकात होती. त्यांनी उपचाराचे चार टप्पे केले:

- पहिला: फोड पूर्ण जाईपर्यंत पल्स.
- दुसरा: त्वचा स्वच्छ झाल्यावरही आणखी ९ पल्स.
- तिसरा: पल्स बंद, फक्त रोजची गोळी, ९ महिने.
- चौथा: सगळी औषधं बंद, पण अनेक वर्षं तपासणी.

त्वचेवर काही दिसत नसलं, तरी अँटीबॉडी तयार करणाऱ्या पेशी शिल्लक असू शकतात. म्हणून उपचार तिथेच थांबवायचे नाहीत. जन्मभर औषध घ्यावं लागेल असं मानल्या जाणाऱ्या आजारात ‘औषध पूर्ण बंद करणं’ हे ध्येय ठेवणं, ही त्या काळात मोठी गोष्ट होती. औषधंही तुलनेने स्वस्त होती. त्यामुळे ही पद्धत देशभरातल्या सरकारी रुग्णालयांत पोहोचली.

मर्यादा नव्हत्या का?

होत्या. सायक्लोफॉस्फामाइडमुळे पाळी बंद होऊ शकते, शुक्राणू घटू शकतात, मूत्राशयाला इजा होऊ शकते. म्हणून ज्यांना पुढे मूल हवं आहे, त्यांना हे औषध वगळून पल्स देत. शिवाय या पद्धतीचा बराचसा पुरावा रुग्णांच्या नोंदींवर उभा होता. दोन उपचारांची काटेकोर तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्या झाल्या नाहीत.

आज काय स्थिती आहे?

अँटीबॉडी तयार करण्याच्या साखळीतल्या बी पेशींवर नेम धरणारं रिटुक्सिमॅब हे औषध आता आघाडीवर आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला पेम्फिगससाठी मंजुरी दिली. मात्र ते महाग आहे.

औषधं बदलली, तरी पसरिचांच्या वेळापत्रकातला धडा कायम आहे: फोड गेले म्हणजे आजार गेला असं नाही. तोंडातल्या जखमा दोन-तीन आठवड्यांत भरल्या नाहीत तर डॉक्टरांना दाखवा. आणि बरं वाटलं म्हणून स्टेरॉइड स्वतःहून बंद करू नका, तसंच मेडिकलमधून आणून स्वतःहून सुरूही करू नका.