हैदराबाद संस्थानातील मराठी गुरुपरंपरा

मराठवाडा, बीदर-कल्याणीचा पट्टा आणि भागानगर म्हणजेच हैदराबाद हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. येथील गुरुशिष्यपरंपरा मात्र त्या राज्याहून कितीतरी जुनी आहे. गुरू जातीबाहेर, पंथाबाहेर, प्रसंगी घरच्यांच्या विरोधात शोधला जाणे, हे तिचे ठळक वैशिष्ट्य.

तेरला गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी पारखली आणि नामदेव कच्चे निघाले, अशी कथा वारकऱ्यांत सांगतात. त्यानंतर नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. विठ्ठलभक्ताला गुरू लाभला तो शैव परंपरेतला. पिंडीवर पाय ठेवून झोपलेल्या विसोबांनी देव सर्वत्र असल्याचे शिष्याला पटवले, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. भक्ती कितीही उत्कट असली तरी अहंकार गळायला गुरू लागतो, हे या दोन्ही कथांचे सार.

सोळाव्या शतकात देवगिरीचा किल्ला हीच एकनाथांची पाठशाळा झाली. परंपरेनुसार त्यांचे गुरू जनार्दनस्वामी तेथील किल्लेदार आणि दत्तोपासक होते. हिशेबातली एका पैची चूक सापडेपर्यंत एकनाथ रात्रभर जागल्याची गोष्ट सांगतात. तीत अध्यात्माचे शिक्षण दप्तराच्या कामातूनच होते. पुढे एकनाथांनी आपल्या रचनांत स्वतःच्या नावाला गुरूचे नाव कायमचे जोडले.

वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेल्या बहिणाबाईंनी (1628–1700) तुकारामांना गुरू मानले. अनुग्रह स्वप्नात झाल्याचे त्या आत्मचरित्रपर अभंगांतून सांगतात. ब्राह्मण स्त्रीने कुणबी संताला गुरू करणे पतीला मान्य नव्हते. तरी त्यांनी संसार सोडला नाही आणि गुरूही सोडला नाही.

गुरूची पारख करण्याची जबाबदारी शिष्यावरही असते. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरूची आणि शिष्याची लक्षणे वेगवेगळ्या समासांत दिली आहेत. समर्थांच्या शिष्यांनी मठांच्या रूपाने ही शिकवण टिकवली. दासबोधाचे लेखनिक कल्याणस्वामी यांचा डोमगावचा मठ परांड्याजवळ आहे.

खुद्द हैदराबादेत हा धागा केशवस्वामी भागानगरकरांपाशी पोचतो. सतराव्या शतकात, कुतुबशाहीच्या राजधानीत त्यांनी मराठीबरोबर दक्खिनी हिंदीतही पदे रचली. त्यांचे गुरू काशीराजस्वामी. तरीही रामदास, जयरामस्वामी, रंगनाथस्वामी आणि आनंदमूर्ती यांच्यासह ते रामदासपंचायतनात गणले जातात. आपल्या गुरूवर निष्ठा ठेवूनही दुसऱ्या परंपरेतल्या सत्पुरुषांशी बरोबरीचा स्नेह जुळू शकतो, हे या पंचायतनावरून दिसते.

एकोणिसाव्या शतकात हुमणाबादजवळ माणिकप्रभूंनी (1817–1865) सकलमत संप्रदाय स्थापन केला. त्यांच्या दरबारात हिंदू, मुसलमान आणि लिंगायत भक्त येत, गवई आणि पंडितही असत. त्यांच्या रचना मराठी, कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांत आहेत. त्यांच्यानंतर गादी पुतणे मनोहरप्रभूंकडे गेली आणि माणिकनगरची पीठपरंपरा आजतागायत चालू आहे. वंशाने चालणारी गादी आणि निवडीने जुळणारे नाते अशी दोन्ही रूपे या मुलखात शेजारी शेजारी नांदली.

विसाव्या शतकात या नात्याला राजकीय वळण मिळाले. व्यंकटेश खेडगीकर (1903–1972) संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांत त्यांनी शिकवले आणि पुढे निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेतृत्व केले. गोविंदभाई श्रॉफ हे त्यांचे सहकारी, पी. व्ही. नरसिंह राव स्वतःला त्यांचे शिष्य म्हणवीत. येथे दीक्षामंत्राची जागा निर्भयतेने आणि साध्या राहणीने घेतली. मराठी संन्याशाला तेलुगू मातृभाषेच्या राजकारण्याने गुरू मानले, यातही या मुलखाची जुनीच रीत दिसते. स्वामीजींची समाधी हैदराबादच्या बेगमपेठेत आहे.