‘पाठलाग’ आणि ‘मेरा साया’ : एक चेहरा, दोन चित्रपट

बीदर, भालकी, बसवकल्याण, आळंद या आपल्या परिसरातील मराठी घरांत ‘मेरा साया’ची गाणी आजही गुणगुणली जातात, परंतु हे कथानक मुळात मराठी आहे, याचे स्मरण फार थोड्यांना असते. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी १९६४ साली ‘पाठलाग’ काढला. तो १९६५ मध्ये तमिळमध्ये ‘इदय कमलम्’ झाला आणि १९६६ साली राज खोसला यांनी हिंदीत आणला.

कथा एका वकिलाची. पत्नीचे निधन होते, अंत्यसंस्कार होतात. आणि पुढे पोलिसांनी पकडलेली, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक स्त्री ‘मीच तुमची पत्नी’ असे न्यायालयात सांगू लागते. संसारातील खाजगी खुणा ती अचूक सांगते. पती मात्र मानावयास तयार नाही.

‘पाठलाग’मधील वकील म्हणजे डॉ. काशिनाथ घाणेकर. शिक्षणाने दंतवैद्य, म्हणजे आपल्याच बिरादरीतले! मोह आणि संशय यांची त्यांच्या मुद्रेवरील झुंज कृष्णधवल छायाप्रकाशात अधिक गहिरी होते. भावना यांची नायिका मध्यमवर्गीय घरातील वाटते. म्हणून तिचे नाकारले जाणे जिव्हारी लागते. हिंदीत वकील ठाकूर झाला, उदयपूरचे तलावातील राजवाडे आले, रंग आले. डोळे सुखावतात, पण भीती पातळ होते. संगीताचा निवाडा मला करवत नाही. एकीकडे गदिमा आणि दत्ता डावजेकर, दुसरीकडे मदनमोहन! साधना मात्र अप्रतिमच. बरेलीच्या झुमक्याखातर तर खोसलांना सारे माफ.

आता रहस्य फोडतो. ज्यांनी चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांनी क्षमा करावी. मृत झाली ती नायिकेची जुळी बहीण. येथे माझ्यातील बालरोगतज्ज्ञ जागा होतो. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांचा चेहरा, रक्तगट, एवढेच काय, नेहमीची डीएनए तपासणीही सारखीच येते. बोटांचे ठसे मात्र भिन्न. गर्भाच्या साधारण दहाव्या आठवड्यापासून पाचव्या महिन्यापर्यंत ते घडतात आणि गर्भाशयातील दाब, स्थिती, वाढीचा वेग यांमुळे प्रत्येकाचे वेगळे होतात. कोलकात्यात ठशांचा विभाग १८९७ सालीच सुरू झाला होता. घरातील एखाद्या पेल्यावरचे ठसे तपासले असते तर खटला पहिल्याच दिवशी निकालात निघाला असता, आणि चित्रपटही!

परंतु दोन्ही कथांतील खरा प्रश्न ठशांचा नाहीच. घरी मृत्यू झाला की आपण मृत्यूचे कारण लिहितो; मृत व्यक्ती कोण, हे बहुधा नातलगांच्या शब्दावर मानतो. येथे तो शब्द साक्षात पतीचा होता. त्या स्त्रीजवळ त्याविरुद्ध फक्त स्वतःच्या आठवणी होत्या, आणि त्याच पाठ केलेल्या ठरविल्या जात होत्या. ‘पाठलाग’मध्ये ती साक्ष देताना परांजपे कॅमेरा जेथे जेथे पतीच्या चेहऱ्यावर नेतात, तेथे आपण तिच्यापेक्षा त्यालाच अधिक तपासू लागतो.