घाट उतरताना ब्रेक का तापतात?

कल्पना करा, मे महिन्याची सुट्टी लागली आहे आणि तुम्ही मामाच्या गाडीतून पुण्याहून पनवेलला निघाला आहात. गाडीत पाच माणसे आहेत, मागे सामान खच्चून भरले आहे. खंडाळा मागे पडले आणि बोरघाटाचा उतार सुरू झाला. “आता गाडी आपोआपच धावेल, उगाच पेट्रोल कशाला जाळायचे?” असे म्हणून मामाने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. वेग फार वाढू नये म्हणून त्याने ब्रेकवर पाय मात्र दाबून ठेवला.

पाच-सात मिनिटे गेली. खिडकीतून कसलासा जळका वास येऊ लागला. “मामा, हा वास कसला रे?” तुम्ही विचारलेत. “पुढच्या ट्रकचा असेल,” मामा म्हणाला. आणखी दोन वळणे गेली. तिसऱ्या वळणापूर्वी मामाने ब्रेक दाबला, तो काय! पेडल मऊ लागले आणि रोजच्यापेक्षा कितीतरी खाली गेले. गाडीचा वेग मात्र म्हणावा तसा कमी होईना.

हा प्रसंग कल्पनेतला असला, तरी घाटात गाडी चालवणाऱ्यांना तो चांगला परिचयाचा आहे. यात ब्रेकचा एकही भाग मोडलेला नाही. सकाळी गावातून निघताना हाच ब्रेक उत्तम लागत होता. मग अर्ध्या घाटात त्याला झाले तरी काय? शाळेत तुम्ही शिकलेल्या दोन-तीन साध्या नियमांच्या आधारे आपणच त्याचा शोध घेऊ.

गाडीत साठलेली ऊर्जा

धावणाऱ्या प्रत्येक वस्तूत गतिज ऊर्जा असते, हे तुम्हांला ठाऊक आहे. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन, हे तिचे सूत्र. मामाची गाडी माणसे व सामान धरून १२०० किलोग्रॅमची आहे असे समजू. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर वेग असताना तिच्यात ६०,००० ज्यूल ऊर्जा असते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर केला, तर ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ती भरते २,४०,००० ज्यूल.

ऊर्जा नाहीशी होत नसते. गाडी थांबवायची म्हणजे या ऊर्जेला दुसरीकडे कोठे तरी जागा करून द्यायची. ब्रेक नेमके हेच काम करतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड घट्ट पकडतात. काही गाड्यांच्या मागच्या चाकांत डिस्कऐवजी ड्रम असतो, त्याला आतून लायनर घासतात. दोन्ही ठिकाणी घर्षण होते आणि गतीची उष्णता बनते. तळहात एकमेकांवर जोराने घासून पाहा. गालांना लावलेत तर ते गरम लागतील. तुमच्या हातांत आणि मामाच्या ब्रेकमध्ये एकच गोष्ट घडते आहे.

घर्षणातून किती उष्णता निघू शकते याचा विचार काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने फार पूर्वी केला होता. म्युनिक येथे तोफांच्या नळ्यांना भोके पाडताना त्या भयंकर तापतात हे त्याने पाहिले. त्याने नळीभोवती पाणी ठेवून बोथट हत्याराने घासण्याचे काम चालू ठेवले. सुमारे अडीच तासांत, विस्तवाशिवाय, पाणी उकळू लागले. हा प्रयोग त्याने १७९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला.

बादलीभर उकळते पाणी

आता घाटाकडे वळू. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत आपण सुमारे ५०० मीटर खाली उतरतो. उंचीवर असलेल्या गाडीत स्थितिज ऊर्जा असते. ती काढण्यासाठी वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार करायचा. १२०० गुणिले १० गुणिले ५००, म्हणजे ६०,००,००० ज्यूल. ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावणारी गाडी २५ वेळा थांबवावी, तेवढी ही ऊर्जा झाली.

एक लीटर पाणी २० अंश सेल्सिअसपासून उकळीपर्यंत तापवायला सुमारे ३,३६,००० ज्यूल लागतात. म्हणजे घाट उतरताना निघणाऱ्या ऊर्जेत जवळजवळ १८ लीटर पाणी उकळीला येईल. चांगली मोठी बादली भरली की! यातला काही भाग हवेचा विरोध आणि टायरांचे घर्षण खाऊन टाकतात. उरलेली सगळी ऊर्जा मामाने ब्रेकच्या चार जोड्यांवर सोपवली होती, आणि त्यातही जास्त भार पुढच्या दोन चाकांवर पडतो. तबकड्यांचे तापमान काही शे अंशांपर्यंत चढले, तर त्यात नवल ते काय?

येथे वेळेलाही महत्त्व आहे. उतार १२ किलोमीटरचा धरला, तर ताशी ३६ किलोमीटर वेगाने तो उतरायला २० मिनिटे लागतात. त्या वेळात ६० लाख ज्यूल बाहेर पडणे म्हणजे एक किलोवॅटच्या पाच शेगड्या सतत पेटलेल्या असणे. वेग दुप्पट केला तर वेळ निम्मा होतो आणि शेगड्या होतात दहा. सावकाश उतरणाऱ्याच्या ब्रेकला वारा खायला दुप्पट वेळ मिळतो.

ब्रेक ऑइल उकळते तेव्हा

ब्रेक फार तापला की दोन संकटे येतात. पहिले म्हणजे पॅडची पकड ढिली पडते. अतिशय तापलेले पॅड तबकडीवर नेहमीसारखे घर्षण करू शकत नाहीत. जळका वास येतो तो याच पॅडचा. दुसरे संकट अधिक वाईट आहे. ते समजण्यासाठी एक प्रयोग करा.

सुई नसलेली प्लॅस्टिकची रिकामी, स्वच्छ सिरिंज घ्या. तिच्यात पाणी भरा, हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका. तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या आत ढकला. तो हलणारच नाही. आता अर्धे पाणी काढून तेथे हवा घ्या आणि पुन्हा दट्ट्या ढकला. तो सहज आत जाईल. द्रव दबत नाही, वायू दबतो.

पायाने दिलेला दाब चाकापर्यंत नेण्याचे काम नळ्यांत भरलेला द्रव करतो. बंदिस्त द्रवाला एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम येथे उपयोगी पडतो. गॅरेजमध्ये या द्रवाला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, पण ते इंजिनच्या ऑइलसारखे तेल नव्हे. ‘डॉट ३’ जातीचा नवा द्रव निदान २०५ अंशांपर्यंत आणि ‘डॉट ४’ जातीचा निदान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये, असे त्याचे मानक आहे. मात्र या द्रवाला एक खोड आहे. तो हवेतले बाष्प शोषून घेतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की उकळण्याची हमी अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर घसरते.

आता मामाच्या पायाखाली काय झाले ते उघड आहे. कित्येक वर्षे न बदललेला द्रव तापलेल्या पॅडजवळ उकळला. नळीत वाफेचे बुडबुडे झाले. पायाचा जोर चाकापर्यंत न पोहोचता बुडबुडे दाबण्यातच खर्च झाला. सिरिंजमधल्या हवेसारखेच! म्हणून बहुतेक गाड्यांत दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलण्यास सांगतात. गाडी फार चालली नसली, तरी बाष्प शोषणे काही थांबत नाही.

इंजिनलाच ब्रेक बनवा

मग घाट उतरायचा कसा? जुने चालक एक नियम सांगतात. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा.

गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंजिन चाकांना फिरवत नाही, चाकेच इंजिनला फिरवू लागतात. पिस्टनना हवा ओढावी व ढकलावी लागते, आतल्या शेकडो भागांचे घर्षण होते. यात पुष्कळ ऊर्जा खर्च होते. दुसऱ्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनचे साधारण आठ फेरे होतात, पाचव्या गिअरमध्ये तीन-चारच. म्हणून खालच्या गिअरमध्ये रोध जास्त मिळतो. शिवाय उष्णता बाहेर टाकण्यासाठीच तर इंजिनला रेडिएटर आणि पंखा दिलेला असतो! ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय बहुधा असते. ती कोठे आहे हे घाटाआधीच पाहून ठेवावे.

आणि मामाच्या पेट्रोलच्या बचतीचे काय? फ्युएल इंजेक्शन असलेल्या आजच्या गाड्यांत, गिअरमध्ये राहून पाय उचलला की इंजिनचा पेट्रोल-पुरवठा सहसा पूर्ण बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी थोडे पेट्रोल जाळावेच लागते. म्हणजे मामाने ब्रेकही तापवले आणि पेट्रोलही घालवले. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून घातक. ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात टाकी दोन-तीन वेळा दाबल्यावर संपते आणि पेडल दगडासारखे घट्ट होते. स्टिअरिंगही जड होते.

विजेवर चालणाऱ्या गाडीत ही ऊर्जा वाया न घालवता बॅटरीत परत भरता येते. पण बॅटरी घाटमाथ्यावरच पूर्ण भरलेली असेल, तर आणखी वीज घ्यायला तिच्यात जागा नसते. तेव्हा पुन्हा सारा भार ब्रेकवर येतो.

बोरघाटातून रेल्वे सुरू झाली ती १८६३ मध्ये. ताबा सुटून गाडी उतारावर धावत सुटली तर तिला वळवून घेण्यासाठी रेल्वेच्या अभियंत्यांनी चढावर जाणारे फाटे बांधले. त्यांना ‘कॅच सायडिंग’ म्हणतात. फाट्यावर शिरलेली गाडी चढ चढू लागते, तिची गतिज ऊर्जा पुन्हा उंचीत साठते आणि ती थांबते. ऊर्जेला जागा करून देण्याचा हाही एक मार्गच, नाही का?

तळहाताएवढे चार तुकडे

ब्रेक चाकाला थांबवतो, पण गाडीला थांबवते ती टायर आणि रस्ता यांच्यातली पकड. ही पकड केवढ्या जागेवर असते? प्रत्येक चाकावर ३०० किलोग्रॅम भार आहे. टायरमध्ये ‘३२ हवा’ भरली, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.२ किलोग्रॅम दाब झाला. ३०० ला २.२ ने भागा. उत्तर येते साधारण १३६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या बोटांसकट पंजाएवढे. अशा चार तुकड्यांवर पाच जणांचा जीव अवलंबून असतो! हवा कमी असेल तर टायर फार दबतो, वाकतो आणि स्वतःच तापतो. पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी टायरच्या खाचांतून बाहेर जाते. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल नसावी, असा आपल्याकडे नियम आहे.

घाटाआधी पाच मिनिटे

पुढच्या प्रवासाआधी मोठ्या माणसांबरोबर एवढे पाहा.

१. टायर थंड असताना हवा तपासा. किती भरावी हे बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळ चिकटवलेले असते. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी आकडा वेगळा असू शकतो.

२. ब्रेक ऑइलची पातळी डबीवरच्या दोन खुणांच्या मध्ये आहे ना, ते पाहा. ती खाली गेली असेल तर नुसते ऑइल ओतून स्वस्थ बसू नका. पॅड झिजले असतील किंवा कोठे गळती असेल.

३. ब्रेक ऑइल शेवटचे केव्हा बदलले, हे विचारा.

४. गाडी उभी असताना ब्रेक दाबून धरायला सांगा. पेडल मऊ लागले किंवा हळूहळू खाली गेले, तर आधी गॅरेज, मग घाट.

उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्यावा. सतत ब्रेक दाबून ठेवू नये. वळणाआधी ठामपणे वेग कमी करून पाय उचलावा. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, हा घाटरस्त्याचा कायदाच आहे.

जळका वास आला, तर पहिली सुरक्षित जागा पाहून थांबावे. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत आणि अर्धा तास तरी ब्रेक निवू द्यावेत. तापलेल्या तबकडीवर पाणी मुळीच ओतू नये, ती वाकडी होते किंवा तडकते. पेडल खालीच गेले, तर ते भराभर अनेकदा दाबावे, एकेक गिअर खाली घ्यावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा.

आपल्या मामाने शेवटी हेच केले. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेतली, इंजिन घरघरले, वेग उतरला आणि वळणापलीकडच्या मोकळ्या जागेत गाडी थांबली. अर्ध्या तासाने निघाल्यावर त्याने गिअर सोडला नाही. खोपोलीपर्यंत पुन्हा वास आला नाही. ब्रेक ऑइल मात्र त्याने दुसऱ्याच दिवशी बदलून घेतले.

जाता जाता तुमच्यासाठी एक गणित. गाडी १५०० किलोग्रॅमची आणि घाट ७०० मीटरचा असेल, तर किती लीटर पाणी उकळीला येईल? उत्तर सुमारे ३१ लीटर येते का ते पाहा. आणि पुढच्या घाटात मागे बसून डुलक्या घेऊ नका. इंजिनचा आवाज ऐका, नाक उघडे ठेवा, आणि गाडी न्यूट्रलमध्ये गेली तर लगेच विचारा, “मामा, ही बादलीभर उष्णता आता जाणार कोठे?”